३६ की ४१?

पहिल्या मोठ्या बचतीतून रोलेक्स डेटजस्ट घ्यायचं मनात होतं. प्रश्न आकाराचा होता: केस ३६ मिलिमीटरची की ४१ची? मला ४१ हवं होतं. चारचौघांत उठून दिसतं ना!

पण दोन्हींत यंत्र एकच, ३२३५. पूर्ण चावी भरली की साधारण ७० तास चालतं. म्हणजे ४१साठी जादा मोजलेल्या पैशांत यंत्र काही वेगळं मिळत नाही. शिवाय १९४५चं पहिलं डेटजस्टही ३६चंच होतं.

खासबागेतल्या घरी मी पुठ्ठ्याचे दोन आकार कापले, पट्टा अडकतो ती टोकं धरून. ४१ची टोकं माझ्या मनगटाबाहेर आली. बाबा हसले आणि त्यांनी हातातलं एचएमटी जनता काढून दिलं. मागावर काम करताना वर्षानुवर्षं घातलेलं, रोज सकाळी चावी देऊन चालवलेलं. केस साधारण ३५ची. माझ्या हातावर नेमकं बसलं.

मी ३६ ठरवलं. तुम्हीही दुकानात जाण्याआधी मनगटाची रुंदी मोजा. टोकं तिच्या आतच राहायला हवीत. चारचौघं घड्याळ एकदा बघतात, आपल्याला ते रोज घालायचं असतं.