गाभ्याची खिडकी

अँड्रॉइड फोन आज जवळजवळ प्रत्येक कामगाराच्या खिशात आहे, आणि त्याच्या पोटात लिनक्स नावाचा गाभा आहे. त्याला कर्नल म्हणतात. पलटणीतला कर्नल निराळा. पण अधिकार याचाही कमी नाही. यंत्राची स्मृती, साठवण, जाळे, सारे त्याच्या ताब्यात. आपण वापरतो ते प्रोग्राम हे नुसते कामकरी. हवी ती माहिती त्यांनी गाभ्याकडे मागावयाची. टाइमकीपरच्या खिडकीशी हुज्जत घालण्यात आमची उमर गेल्यामुळे आम्हांला हा व्यवहार चटकन उमगला.

खिडकीतून मूळ हजेरीपट कोणी बाहेर देत नाही, उतारा देतात. इथेही तसेच. प्रोग्राम 'रीड' अशी हाक देतो व तीन गोष्टी सांगतो : फाइल कोणती, उतारा ज्या रिकाम्या जागी ठेवावयाचा तिचा पत्ता, आणि जास्तीत जास्त बाइट किती. ती जागा मागणाऱ्याच्याच हद्दीतली आहे ना, हे गाभा आधी पाहतो. मगच नक्कल करतो. हे काम करणाऱ्या फंक्शनचे नाव 'कॉपी टू यूजर'. त्याचा जबाब मोठा मासलेवाईक आहे. किती बाइट दिले हे ते सांगत नाही. किती द्यावयाचे राहिले ते सांगते. शून्य म्हणजे पुरी बेबाकी. आमच्या पाहण्यातल्या एकाही पगारखात्याला ही सवय नव्हती!

आता कोणी म्हणेल, एवढी तपासणी कशाला? असे पाहा, गाभ्याला कुठेही लिहिण्याची मुभा असते. एखाद्या लबाड प्रोग्रामने गाभ्याच्याच वहीचा पत्ता दिला, तर गाभा स्वतःच्या हाताने स्वतःची वही खोडील. ही कल्पना नव्हे. ३.५.५ च्या आधीच्या लिनक्समध्ये, एआरएम जातीच्या काही चिपांवर, 'पुट यूजर' आणि 'गेट यूजर' ही लहान देवघेवीची साधने पत्ता तपासतच नव्हती. २०१३ साली अँड्रॉइड फोनांवर या भोकातून प्रत्यक्ष हल्ले झाले.

दुसरा धोका कोऱ्या जागेचा. तक्त्यात एक बाइटची खूण, तिच्यापुढे आठ बाइटचा आकडा, अशी मांडणी असली की ६४ बिटी यंत्रात मध्ये सात बाइट रिकामे राहतात. ते पुसले नाहीत तर गाभ्यातला जुना मजकूर उताऱ्याबरोबर बाहेर जातो. पत्ता बरोबर, माप बरोबर, तरी गळती!

नक्कल करण्यात वेळ जातो हेही खरे. म्हणून मोठ्या मालासाठी स्मृतीची पाने सामाईक ठेवतात. घड्याळाची वेळ तर गाभा फक्त वाचता येईल अशा पानावर लावून ठेवतो, फलकावरच्या नोटिशीसारखी. खिडकीशी जाण्याचे कारणच नाही.

'प्रोक' या कप्प्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातली 'मेमइन्फो' ही फाइल साठवणीत कुठेच नसते. कोणी वाचावयास घेतली की गाभा त्या क्षणाचा स्मृतीचा हिशेब लिहून देतो. यादीत तिचा आकार शून्य दिसतो. उघडली की पानभर आकडे.