पॉलिग्राफ-चाचणीची पूर्वसिद्धता

पॉलिग्राफ हे यंत्र असत्य मोजीत नाही. प्रश्नोत्तरांच्या वेळी श्वसन, रक्तदाब, नाडी आणि त्वचेची विद्युत्‌वाहकता यांत होणारे फेरफार तेवढे ते नोंदविते. त्यांवरून सत्यासत्याचा निर्णय परीक्षक करतो. भीती, संताप किंवा जागरण यांमुळेही असे फेरफार संभवतात. म्हणूनच चाचणीचा दिवस केव्हा व कोणत्या परिस्थितीत ठरला, हा प्रश्न केवळ सोयीचा उरत नाही.

भारतापुरते त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या प्रकरणी ५ मे २०१० रोजी दिले. संविधानाच्या अनुच्छेद २० (३) अन्वये आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीची सक्ती करता येत नाही. यास्तव संमतीवाचून चाचणी घेणे निषिद्ध ठरले, आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची २००० सालची मार्गदर्शक तत्त्वे काटेकोरपणे पाळावीत असे सांगण्यात आले. तदनुसार आरोपीला प्रथम वकील मिळाला पाहिजे, आणि चाचणीचे शारीरिक, भावनिक व कायदेशीर परिणाम पोलिसांनी व वकिलाने त्याला समजावून दिले पाहिजेत. संमती नोंदावयाची ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. आपल्या कथनाला कबुलीजबाबाचे नव्हे, तर पोलिसांपुढील जबाबाचेच स्थान राहील, हे तेथे त्याला स्पष्ट सांगावे लागते. दंडाधिकाऱ्याने कोठडीचा काळ आणि चौकशीचे स्वरूपही विचारात घ्यावयाचे असते. रात्रभर चाललेल्या चौकशीनंतर पहाटे मिळालेला होकार खरा होकार म्हणता येईल काय, ही शंका या तरतुदीच्या मुळाशी दिसते. एवढे झाल्यावाचून तारीख ठरविणे म्हणजे संमती गृहीत धरणेच होय.

प्रत्यक्ष सिद्धता त्यामानाने साधी आहे. पुरेशी झोप, नेहमीचा आहार, आणि चालू औषधे परस्पर न थांबविता त्यांची परीक्षकाला माहिती देणे, इतके बहुधा पुरते. परीक्षक पूर्वमुलाखतीत प्रश्न आधीच वाचून दाखवितो. संदिग्ध शब्द बदलून घेण्याची संधी हीच. श्वास रोखण्यासारख्या युक्त्या सुचविणारे पुष्कळ भेटतात, पण श्वसनाचा आलेख यंत्रावर उमटतच असल्याने त्या युक्तीनेच संशय ओढवण्याचा संभव अधिक.

चाचणीची नोंद स्वतंत्र संस्थेने, वकिलाच्या उपस्थितीत करावयाची असते. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष हा स्वतः पुरावा ठरत नाही. मात्र तिच्या साहाय्याने पुढे हाती लागलेली वस्तू अथवा माहिती पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार ग्राह्य होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ च्या परंतुकाने घेतली आहे.