भादलीचा अर्ज, कॉलेजचा हजेरीपट

जळगावजवळच्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत तृतीयपंथी अंजली पाटील यांनी महिलांच्या जागेसाठी अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना स्त्री म्हणून लढू दिले आणि त्या निवडूनही आल्या.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांनी खंडपीठाचा हा निकाल जरूर वाचावा, कारण ओळखीचा हाच प्रश्न त्यांच्या वर्गातही येतो. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्य केला होता. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्याचे तेरावे कलम तर सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या संस्थांना तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिकवायला, खेळात घ्यायला सांगते. पण खरी कसोटी प्रवेशानंतर लागते: वसतिगृह कोणते, स्वच्छतागृह कोणते, ओढणी घेऊन आलेल्या मुलाला वर्ग हसला तर प्राध्यापक काय करतात? हजेरी घेताना विद्यार्थ्याने सांगितलेले नाव उच्चारायला तरी कुठल्याही निधीची वाट पाहावी लागत नाही.