घर मालकाचे, सामान भाडेकरूचे, विमा कोणाचा?

घर आपले नाही, मग त्याचा विमा कशासाठी? भाड्याने राहणाऱ्या अनेक कुटुंबांत विम्याचा विषय या एका प्रश्नापाशीच संपतो. प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. भिंती, छत आणि फरशी मालकाची असली तरी आतील फ्रीज, दूरचित्रवाणी संच, कपाटे, कपडेलत्ते आणि मुलांचा संगणक भाडेकरूचाच असतो. पाणी घरात शिरते तेव्हा ते करारनामा पाहून शिरत नाही.

याचा अनुभव राज्यातील शहरांना नवा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सखल भागांतील तळमजल्यांवरचे संसार पाण्याखाली गेले. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तर जुलै २०२४ मध्ये मुठा नदीचे पाणी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरी परिसरातील सोसायट्यांत शिरले. अशा वेळी सरकारी पंचनामे होतात, मदतही जाहीर होते. परंतु ती तातडीची मदत असते. घरातील वस्तूंची भरपाई नव्हे.

सोसायटीचा विमा पुरेसा का नाही?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीचा आग व भूकंपाविरुद्ध विमा उतरवण्याची तरतूद आहे. काही घरमालक सदनिकेचा स्वतंत्र विमाही घेतात. भाडेकरू याच गोष्टीवर विसंबून राहतो. मात्र सोसायटीचा विमा इमारतीचा असतो आणि मालकाचा विमा मालकाच्या मालमत्तेचा. ज्या वस्तूच्या नुकसानीमुळे आपल्याला आर्थिक झळ बसते, तिचाच विमा आपण घेऊ शकतो, हे विम्याचे मूलतत्त्व आहे. त्यामुळे मालकाला भाडेकरूच्या सोफ्याचा विमा सहसा घेता येत नाही आणि भाडेकरूने मालकाच्या भिंतींचा विमा घेण्याचे कारण नाही.

आणखी एक बाजू दुर्लक्षित राहते. भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे आग लागली आणि विमा कंपनीने मालकाला भरपाई दिली, तर ती रक्कम दोषी व्यक्तीकडून वसूल करण्याचा कायदेशीर मार्ग कंपनीला खुला असतो. म्हणजे मालकाचा विमा भाडेकरूला वाचवतोच असे नाही.

काय मिळते, काय मिळत नाही?

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून आग विम्याचा व्यवसाय करणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तिच्यात इमारत आणि घरातील सामान असे दोन भाग असून, केवळ सामानाचा विमाही घेता येतो. भाडेकरूसाठी हाच भाग उपयोगाचा.

आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे ही जोखीम तिच्यात येते. विम्याची रक्कम सामानाच्या किमतीपेक्षा कमी ठरली म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात करण्याची जुनी पद्धत या पॉलिसीत नाही. भरपाई अर्थातच विम्याच्या रकमेपुरतीच मिळते.

मात्र घरफोडीबाबत अनेकांची फसगत होते. मूळ पॉलिसीत चोरीचे संरक्षण मर्यादित आहे. पूर किंवा आगीसारखी घटना घडल्यानंतर, तिच्यामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरीच त्यात बसते. एरवीच्या घरफोडीसाठी जोड संरक्षण किंवा 'हाउसहोल्डर्स' पॅकेज पॉलिसी घ्यावी लागते. त्यातही कुलूप वा दरवाजा तोडून झालेली घरफोडी आणि उघड्या दारातून झालेली चोरी यांत कंपन्या फरक करतात. घरकामगारांकडून होणाऱ्या चोरीचा उल्लेख पॉलिसीत आहे की नाही, हे वेगळे पाहावे.

रोख रक्कम, वाहन आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज विम्यात येत नाही. शॉर्टसर्किटने जळालेले उपकरण स्वतः वगळले जाते. त्यातून आग पसरून इतर सामान जळाले तर त्याची भरपाई मिळू शकते. दागिने आणि मौल्यवान वस्तूंची नोंद स्वतंत्र करावी लागते. कार्यालयात नेलेला लॅपटॉप प्रवासात हरवला, तर घरातील सामानाच्या विम्याचा उपयोग होत नाही.

हिशेब कसा मांडावा?

उदाहरणादाखल दोन खोल्यांच्या संसाराचा अंदाज घेऊ. फ्रीज ३५ हजार, दूरचित्रवाणी संच ४० हजार, धुलाई यंत्र २५ हजार, वातानुकूलन यंत्र ४० हजार, दोन लॅपटॉप १ लाख २० हजार, पलंग व कपाटे ६० हजार, स्वयंपाकघर ४० हजार आणि कपडे ८० हजार. बेरीज ४ लाख ४० हजार रुपये होते. सामान एकेक करून घेतलेले असल्याने ही बेरीज बहुतेकांनी कधी केलेलीच नसते. आग-पुराच्या मूळ संरक्षणाचा वार्षिक हप्ता अशा रकमेवर साधारणपणे काही शे रुपयांत बसतो. घरफोडी किंवा उपकरणातील बिघाड यांची जोड घेतली की तो वाढतो. हप्त्यावरील कर वेगळा. म्हणून किमान दोन-तीन कंपन्यांचे दर मागवून तुलना करावी.

मग सर्वांनीच विमा घ्यावा का? तसे नाही. एक गादी, एक सुटकेस आणि एक फोन एवढाच संसार असलेल्या विद्यार्थ्याला त्याची फारशी गरज नाही. कसोटी साधी आहे. उद्या घरातील सर्व सामान नष्ट झाले, तर कर्ज न काढता ते पुन्हा उभे करता येईल का? उत्तर 'हो' असेल तर विमा ऐच्छिक. 'नाही' असेल तर तो घ्यावा. तळमजला, ओढ्याकाठची वस्ती, जुनी वीजजोडणी असलेली इमारत किंवा वारंवार बंद राहणारे घर असेल, तर विचार अधिक गांभीर्याने करावा.

ही काळजी घ्या

महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असली तरी त्याची प्रत भाडेकरूने जपून ठेवावी. या पत्त्यावर आपण राहत होतो, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. सुसज्ज सदनिका असल्यास मालकाच्या वस्तूंची यादी कराराला जोडावी आणि त्यांच्या विम्याची जबाबदारी कोणाची, हे तिथेच स्पष्ट करावे.

अकरा महिन्यांनी घर बदलले की पॉलिसी आपोआप नव्या घरी येत नाही. कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्यावा लागतो. एकत्र राहणाऱ्या मित्रांनी एकाच्या पॉलिसीत सर्वांचे सामान येते, असे गृहीत धरू नये. वस्तूंची बिले आणि खोल्यांची छायाचित्रे घराबाहेर, म्हणजे ई-मेलमध्ये किंवा नातेवाइकांकडे ठेवावीत. घराबरोबर तीही भिजली तर उपयोग नाही.

नुकसान झाल्यास कंपनीला तत्काळ कळवावे. घरफोडीत पोलिसांत गुन्हा नोंदवावा, आगीनंतर अग्निशमन दलाचा अहवाल घ्यावा आणि सर्वेक्षक येईपर्यंत खराब झालेले सामान टाकून देऊ नये. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये असून तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्याची मालमत्ता म्हणजे त्याचे सामानच. नवीन करारावर सही करताना अनामत रकमेबरोबर या सामानाची किंमतही एकदा कागदावर मांडून पाहावी. विमा घ्यायचा की नाही, याचे उत्तर त्या आकड्यातच मिळेल.