टपाल कुठपर्यंत येते?

खेड्यातल्या पत्त्यात ‘मु. पो.’ एकत्र आले की समजावे, गावाला स्वतःचे पोस्ट आहे. ‘मु.’ एका गावाचे आणि ‘पो.’ दुसऱ्याचे असेल, तर पोस्टातून निघाल्यावरही त्या पत्राला एखादा ओढा किंवा माळ ओलांडायचा असतो. तालुका, जिल्हा आणि पिनकोड यांचे काम तोवर संपलेले असते. तिकीट मात्र दोन्ही पत्रांना सारखेच. हे उरलेले अंतर कोणी तुडवायचे, खात्याने की ज्याचे पत्र त्याने, यावर जगभर दीडशे-पावणेदोनशे वर्षे घासाघीस चालू आहे. ती कुठे कशी मिटली यावरून त्या देशाचे आपल्या खेड्यांशी काय नाते आहे, ते बऱ्यापैकी कळते.

ब्रिटनने १८४० मध्ये देशभर पत्राला एकच दर लावला. आपण शाळेत शिकतो तो ‘पेनी पोस्ट’चा इतिहास इथेच थांबतो. पण दर एक झाला म्हणून पोस्टमन दारोदार जाऊ लागला असे नाही. अँथनी ट्रॉलप हा कादंबरीकार पोटापाण्यासाठी टपालखात्यात नोकरी करत होता. १८५१ पासून दोनेक वर्षे तो घोड्यावरून नैर्ऋत्य इंग्लंडची खेडी पालथी घालत होता. पत्रे वाटणाऱ्याने कोणत्या वाटेने चालायचे हे ठरवणे त्याचे काम. अटी दोन होत्या. माणसाला दिवसाला सोळा मैलांपेक्षा जास्त, म्हणजे साधारण २६ किलोमीटरपेक्षा जास्त चालवायचे नाही. आणि वाटेवरच्या पत्रांच्या हिशेबात त्याचा पगार निघाला पाहिजे. हिशेबात न बसणारी आडबाजूची घरे अर्थातच वाटेबाहेर राहिली. राज्यातल्या प्रत्येक घरी टपाल पोचवण्याचा निर्णय व्हायला १८९७ साल, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा हीरकमहोत्सव उजाडावा लागला. समान दर आणि समान दार यांच्यात सत्तावन्न वर्षे गेली!

अमेरिकेत हीच गोष्ट जास्त भांडून झाली. तिथे शहरांमध्ये १८६३ पासून घरी फुकट टपाल येत होते. शेतकऱ्याने मात्र गाडी जुंपून जवळच्या पोस्टात जायचे, आणि ते पोस्ट बहुधा एखाद्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात. पत्राला आलेला माणूस साखर-तंबाखूही घेऊन जायचा, त्यामुळे दुकानदारांना हीच सोय बरी वाटत होती. घरोघर टपालाचा आग्रह धरला जॉन वानामेकर यांनी. हे १८८९ ते १८९३ या काळात तिथले पोस्टमास्तर जनरल होते आणि फिलाडेल्फियातल्या एका बड्या दुकानाचे मालकही. पत्रांबरोबर मालाच्या जाहिराती शेतकऱ्याच्या घरात शिरतील हे त्यांना कळत नसेल असे मानायला मी तयार नाही. खर्चाच्या धास्तीने पुढची काही वर्षे टोलवाटोलवीत गेली. अखेर १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला या तीन गावांतून प्रयोग सुरू झाला. चार्ल्स टाउन हे त्या वेळचे पोस्टमास्तर जनरल विल्यम विल्सन यांचेच गाव. नव्या योजनेचा नारळ मंत्र्याच्या गावात फोडायचा, ही रीत काही आपलीच नाही. १९०२ मध्ये योजना कायम झाली.

पण ‘घरी’ म्हणजे दारात नव्हे. खात्याने सौदा असा केला की आम्ही तुमच्या रस्त्यापर्यंत येऊ, पेटी तुम्ही लावायची, आणि रस्ता गाडी जाण्यासारखा हवा. नसेल तर टपाल नाही. मग ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी स्वतः पैसे आणि श्रम घालून रस्ते दुरुस्त केले, खडी टाकली. पेट्या म्हणून सुरुवातीला चरबीचे डबे, साबणाची खोकी, हाताला लागेल ते खांबावर ठोकले जाई. खात्याने नमुने ठरवून दिले, आणि १९१५ मध्ये रॉय जोरोलमन या टपालखात्यातल्या इंजिनिअरने ती पेटी आखली, जी आपण इंग्रजी चित्रपटांत पाहतो. सपाट तळ, वरून कमान, पुढे झडप आणि बाजूला लाल निशाण. कमानीमुळे पाऊस-बर्फ ओघळून जातो. निशाणाचा मात्र अनेकांचा उलटा समज असतो. ‘पत्र आले आहे’ असे ते सांगत नाही. आतले पत्र घेऊन जा, एवढे टपालवाल्याला कळावे म्हणून घरच्याने ते वर करायचे. पेटीचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच उंच हवा, कारण टपालवाला गाडीतून उतरत नाही. बसल्या जागेवरून हात पेटीत जावा म्हणून तिथल्या टपालगाड्यांचे स्टिअरिंगही उजवीकडे असते. ही पेटी विकत घ्यायची घरमालकाने, पण बिनतिकिटाचा कागद तीत टाकणे हा शेजाऱ्यासाठीही गुन्हा.

या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिला समोर माणूस लागत नाही. टपालवाला आणि शेतकरी वर्षानुवर्षे एकमेकांना न भेटताही पत्रव्यवहार सुरळीत चालतो. गाडीतून टपाल वाटण्याला अपवाद म्हणजे ॲरिझोनातले सुपाई. ग्रँड कॅनियनच्या तळाशी असलेल्या हवासुपाई आदिवासींच्या या गावात टपाल अजून खेचरांच्या पाठीवरून उतरते, आणि पत्रांपेक्षा त्यात खाण्याचे सामानच अधिक असते.

कॅनडाने १९८० च्या दशकापासून नव्या वसाहतींत दारात जाणे सोडले आणि कोपऱ्यावर कुलपांच्या खणांचे एकच कपाट उभे केले. बर्फात तिथवर चालत जायचे ते घरच्यांनी. आखाती देशांत तर बराच काळ घराला टपालाचा पत्ताच नव्हता. दुबईत नोकरीला गेलेल्या माणसाला रत्नागिरीहून गेलेले पत्र त्याच्या कंपनीच्या पोस्ट बॉक्स क्रमांकावर पोचायचे. आणि डेन्मार्क: १६२४ पासूनच्या तिथल्या टपालसेवेने ३० डिसेंबर २०२५ रोजी शेवटचे पत्र वाटले. २००० साली वर्षाला जवळपास दीड अब्ज पत्रे होती, २०२४ मध्ये ती अकरा कोटींवर आली होती. रस्त्यांवरच्या लाल पेट्या त्याआधीच उपटायला घेतल्या होत्या. पत्र आता खासगी कंपनीकडे द्यायचे.

आपल्याकडे पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी आणि नाटककार होते, ही गोष्ट मला नेहमीच आवडत आली आहे. एकाच नावाची गावे आणि पत्त्यांच्या वेगवेगळ्या लिप्या, हा गुंता त्यांनी सहा अंकांत बसवला. महाराष्ट्र-गोव्याला पहिला अंक चार. पण हे सहा अंक वाटप करणाऱ्या पोस्टापाशी थांबतात. ग्रामीण भागात त्या एका क्रमांकाखाली कितीतरी गावे आणि वाड्या येतात. तिथून पुढचे टपाल डाकसेवकाच्या डोक्यात असते.

देशातल्या सुमारे १ लाख ६४ हजार पोस्टांपैकी दहातली नऊ खेड्यांत आहेत, आणि त्यांतली बहुसंख्य शाखा पोस्टे. शाखा पोस्ट म्हणजे अनेकदा शाखा डाकपालाच्याच घराची पडवी. जागा त्यानेच द्यायची. एक टेबल, वजनकाटा, तारखेचा शिक्का आणि लाख. सकाळच्या एसटीने थैली फाट्यावर किंवा स्टँडवर उतरते. ती फोडायची, सोबतच्या चिठ्ठीशी आतला माल ताडून पाहायचा, शिक्के मारायचे, आणि सायकल किंवा मोटारसायकलवर वाड्या घ्यायच्या. घरांना नंबर नाहीत, असले तर ते ग्रामपंचायतीच्या घरपट्टीपुरते. अख्खी वाडी एका आडनावाची, त्यात तीन पांडुरंग, आणि त्यातल्या दोघांच्या बापाचे नाव एकच. मग मधल्या पांडुरंगाला ‘गिरणीवाला’ म्हणायचे हे डाकसेवकाला माहीत हवे. तो शेतावर आहे म्हटल्यावर बांधावर जायचे, बाजाराला गेला असेल तर उद्या. आपल्या खेड्यात टपाल घराला मिळत नाही, माणसाला मिळते. भिंतीवर पेटी लावून हे काम भागणार नव्हते, कारण पत्राबरोबर पैसे यायचे. मुंबईच्या गिरणीतून कोकणात गेलेली मनीऑर्डर म्हातारीच्या हातात मोजून द्यायची, अंगठा घ्यायचा आणि खालच्या कोऱ्या जागेतला चार ओळींचा मजकूर वाचून दाखवायचा. गावात टपालवाला आल्याची बातमी त्याच्या आधी पोचायची ती यासाठी. जुनी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. २०१८ पासून टपालखात्याची पेमेंट्स बँक आहे, आणि तोच डाकसेवक आता मोबाइलवर आधारचा अंगठा घेऊन त्याच म्हातारीला अनुदानाचे पैसे देतो.

अमेरिकेने हे अंतर शेतकऱ्याच्या खिशातून आणि पायांनी भागवले. आपण ते डाकसेवकाकडून भागवून घेतो, आणि तेही स्वस्तात. पूर्वी यांना ‘ई. डी.’ म्हणत, खात्याबाहेरचे. अट अशी की उपजीविकेचे दुसरे साधन हवे. म्हणून शाळामास्तर, दुकानदार, थोडी जमीन असलेला माणूस या कामाला लागे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पदे नागरी सेवेची आहेत, पण नियमित सेवेबाहेरची आहेत असा निर्वाळा दिला, आणि ते ‘पण’ आजतागायत टिकून आहे. २०१८ च्या सुधारणेत शाखा डाकपालाचा मूळ मोबदला चार तासांना १२ हजार आणि पाच तासांना साडेचौदा हजार रुपये ठरला, वर महागाई भत्ता. चार तासांत वाड्या होत नाहीत, हे त्या मार्गावर एकदा चाललेल्या कोणालाही सांगता येईल. ट्रॉलपच्या काळात निदान मैल मोजत होते. इथे तास कागदावर मोजले जातात आणि अंतर ज्याचे त्याने पाहायचे.

२०२५ मध्ये खात्याने डिजिपिन आणला. दहा अक्षर-अंकांचा, चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनापर्यंत नेणारा. रुग्णवाहिकेला आणि ऑनलाइन मागवलेल्या खोक्याला त्याचा उपयोग होईल. पण बीडच्या एखाद्या तांड्यावरचा चौकोन अचूक सापडला, तरी त्यातले घर दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असते. ते कोणत्या मुकादमाबरोबर गेले, कधी परतेल आणि तोवर पार्सल कोणाकडे ठेवायचे, हे डाकसेवकालाच ठाऊक. आता त्याची भरती दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन अर्जातून होते. वशिला बऱ्यापैकी गेला, हे चांगलेच झाले. मात्र नव्वद टक्के मिळवून दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या मुलामुलींना आधी गावात खोली शोधावी लागते, आणि मग तीन पांडुरंगांतला आपला कोणता, हे चौकात विचारत फिरावे लागते.