हातपंपाचे द्रवदाब यंत्र : सांगाड्याचा विचार आधी

परळ-लालबागच्या कापड गिरण्यांत विदर्भ-खानदेशची रुई दाबलेल्या गाठींतून येई आणि तयार कापडही गाठी बांधूनच बाहेर पडे. 1982 च्या संपानंतर यांतील बहुतेक गिरण्या बंद पडल्या. परंतु गाठी दाबणाऱ्या द्रवदाब यंत्राचे तत्त्व गावच्या कामासही उपयोगी आहे. गिरणीत पंप यंत्रशक्तीवर चाले. गावात तो हाताने चालविता येतो.

बंदिस्त तेलावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोचतो. लंडनचे यंत्रकार जोसेफ ब्रामा यांनी या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट 1795 साली घेतले. समजा, पंपाच्या दट्ट्याचा व्यास 2 सें.मी. व मोठ्या दट्ट्याचा 12 सें.मी. आहे, म्हणजे मोठ्याचे क्षेत्रफळ 36 पट झाले. दांड्याच्या तरफेने हाताचा जोर दहापट केला, तर 20 किलोचे 200 आणि 200 चे 7,200 किलो होतात. घर्षणात काही जोर जातो, तो वेगळा.

हा लाभ फुकट मिळत नाही. पंपाचा दट्टा 5 सें.मी. खाली गेला, तर मोठा दट्टा जेमतेम 1.4 मि.मी. सरकतो. वीतभर दाबावयाचे म्हणजे सुमारे 144 वेळा दांडा मारणे आले! म्हणून गवत आधी पेटीत पायांनी तुडवून घ्यावे व शेवटच्या दाबापुरतेच यंत्र वापरावे.

पंपापेक्षा सांगाड्याकडे अधिक लक्ष हवे, आणि नेमके तेच राहून जाते. माल जितक्या जोराने दाबला जातो, तितक्याच जोराने सांगाडा ताणला जातो. वरील यंत्रात चार सळया घेतल्यास प्रत्येकीवर 1,800 किलो ताण येतो, 25 मि.मी. जाडीची नरम पोलादाची सळई त्यास पुरेशी आहे. वरच्या आडव्या तुळईस मात्र लाकडी फळी कदापि घालू नये. सळयांमधील गाळा 60 सें.मी. असेल, तर 125 मि.मी. उंचीचे दोन लोखंडी चॅनेल एकमेकांस पाठ लावून बसवावेत. मुंबईत दारूखान्यात जुने लोखंड मिळते. परंतु आटे झिजलेली किंवा एकदा वाकवून सरळ केलेली सळई स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. सिलिंडरलाही पाण्याच्या नळाचा तुकडा चालत नाही, 10 मि.मी. जाडीची सांधा नसलेली पोलादी नळी हवी. दट्ट्याभोवती चामड्याची वाटी बसवावी. दाब वाढेल तशी ती भिंतीस अधिक घट्ट बसते. हे सारे जमत नसेल, तर ट्रकचा तयार जॅक घेऊन केवळ सांगाडा बनविणे शहाणपणाचे.

प्रथम चालविताना सिलिंडरमधील हवा काढून टाकावी. दांडा स्प्रिंगसारखा उसळला, तर हवा राहिली आहे असे समजावे. दाब हळूहळू वाढवावा व सळयांच्या रेषेत कोणास उभे राहू देऊ नये. तेल कोठून झिरपते हे बोटाने चाचपून पाहू नये. बारीक चिरेतून दाबाखाली सुटलेले तेल कातडीत शिरू शकते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी, दाब पूर्ण सोडावा आणि मगच पाना लावावा.