तितराला साद घालणारे

संपादकांना हवा होता कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या शिकारीवरचा लेख. चित्ते, दाजीपूरचं रान, नव्या राजवाड्यातल्या पेंढा भरलेल्या जनावरांची दालनं, हे सगळं पुष्कळांनी लिहिलंय. मला ओढ होती ती फासेपारध्यांची. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींवर जन्मानंच गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, त्यांत पारधीही आले. महाराजांनी १९१८ मध्ये संस्थानात अशा जमातींची रोजची हजेरी बंद केली, पारध्यांना सोनतळीच्या कँपावर पहाऱ्याला ठेवलं. एवढा इतिहास इथं पुरे.

शिरोळकडच्या एका पालावर एक म्हातारे बाबा भेटले. शिकार केव्हाच सोडलेली. फार आग्रह केल्यावर त्यांनी दोन्ही तळहातांची ओंजळ तोंडाशी धरली, जिभेनं हलकेच टकटक केली आणि मग ‘कतीतर, कतीतर’ असा चढता सूर काढला. पाच पावलांवर असूनही मला तो बांधापलीकडून आल्यासारखा वाटला.

“मोठ्यानं वरडलं की त्यो बिचकतोय,” बाबा म्हणाले. “लांबनं आल्यागत वाटाय पायजे. आन् एकदा बोलला की गप ऱ्हायाचं. त्येला बोलू द्यायाचं.”

सगळी विद्या त्या गप्प राहण्यात आहे. नर तितर हद्दीचा पक्का. आपल्या रानात परका नर बोलला की तो उत्तर देतो आणि त्याला हुसकायला निघतो, तेही बहुधा उडत नाही, झुडपांच्या आडोशानं पळत येतो. म्हणून फास जमिनीलगत. घोड्याच्या शेपटीचे केस पिळून केलेली सरकगाठ, बांबूच्या कामटीला बांधलेली. अशा कामट्या वाटेवर ओळीनं रोवायच्या. बाबांनी बोटांनी हवेतच गाठ मारून दाखवली. फास पक्ष्याच्या छातीच्या उंचीला हवा. वर गेला तर तितर खालून निसटतो.

काळविटासारख्या सावध जनावरासाठी आडोसा असे शिकवलेल्या बैलाचा. बैल चरत पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. पारधी त्याच्या खांद्याआड, त्याच्याच चालीनं. चरणाऱ्या गुरांना जनावर भीत नाही. साद घालून गप्प राहण्याची रीत मात्र दूरदेशीही आहे: कॅनडातले आदिवासी शिकारी बर्चच्या सालीच्या कर्ण्यातून मूस हरणाच्या मादीचा आवाज काढून नराला बोलावतात, तेही साद घातल्यावर बराच वेळ निश्चल बसतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या शिकारीला बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. माळरानं उसाखाली गेली, तितरं कमी झाली. पण शिकारीबरोबर हा कानही संपतोय, याचं मला फार वाईट वाटतं. पक्ष्यांची मोजणी आवाजावरून करतात. कुठल्या ओढ्याला किती नर बोलतात हे बाबा बसल्या जागी सांगतात. या माणसांना मोजणीच्या, राखणीच्या कामाला पगारावर घ्यायला हवं.

त्यासाठी लागतात कागद. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी आसपास चोरी झाली की पोलीस आधी पालावर येतात, असं बाबांची सून सांगत होती. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात. दाखल्याला मात्र ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा राहण्याचा पुरावा मागतात. बाबांचे वडील त्या वर्षी माळामाळानं पाल टाकत फिरत होते. बाबांच्या नातवाचा अर्ज याच पुराव्यासाठी दोनदा परत आलाय. तिसऱ्या अर्जाला जोडायला काही मिळतं का, म्हणून तो आता जुनी पोलीस दप्तरं शोधतोय; पणजोबांचं नाव कुठं लिहिलेलं असेल, तर ते हजेरीच्या वहीतच.